पैसे मिळतात, पण कधी?

पदव्युत्तर शिक्षण परवडत नाही, असा विषय निघाला की बोलणे लगेच फीवर येते. कोणत्या महाविद्यालयाची फी किती, त्यातली सरकार किती भरते, बँक कर्ज किती देते, एवढ्यात प्रश्न उरकला जातो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नांची कागदावरची उत्तरे वाईट नाहीत. शिष्यवृत्त्या आहेत, शुल्कमाफी आहे, निर्वाह भत्ते आहेत, विनातारण कर्ज आहे, परदेशासाठीही योजना आहेत. तरीही बी.एस्सी. चांगल्या गुणांनी झालेली मुलगी नाव लागूनही एम.एस्सी.ला जात नाही, आणि एमबीएला नंबर लागलेला मुलगा जागा सोडून कंपनीत कंत्राटी कामाला लागतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात उच्च शिक्षणातल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे ७९ टक्के पदवीच्या वर्गांत होते आणि पदव्युत्तर वर्गांत सुमारे १२ टक्के. प्रत्येकाने पुढे शिकलेच पाहिजे असे नाही, आणि ही सगळी गळती पैशांमुळेही नाही. पण जी पैशांमुळे आहे, तिचे मूळ रकमेपेक्षा वेळेत आहे, असे माझे मत आहे. फी प्रवेशाच्या दिवशी भरायची असते, खोलीचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असते, आणि मदतीचे पैसे पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर, कधी वर्ष उलटल्यावर येतात. मधला काळ ज्याच्या घरात निभावतो तो शिकतो. ज्याच्या घरात निभावत नाही त्याच्यासाठीच या योजना आखलेल्या आहेत, आणि नेमका तोच बाहेर राहतो.

आधी खर्च कशाचा असतो ते पाहू. आपल्याकडे एकाच महाविद्यालयाच्या एकाच इमारतीत दोन अर्थव्यवस्था चालतात. पदवीचे वर्ग अनुदानित असतात, प्राध्यापकांचे पगार सरकार देते, म्हणून फी हजारांत राहते. त्याच महाविद्यालयातले एम.एस्सी. किंवा एम.कॉम.चे वर्ग मात्र पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. तिथे शिक्षकांचा पगार, प्रयोगशाळेतली रसायने, सगळे विद्यार्थ्यांच्या फीतून निघते. म्हणजे विद्यार्थी एक इयत्ता वर चढतो आणि फी अनेक पट होते, तीही गावातल्याच महाविद्यालयात. व्यावसायिक अभ्यासक्रमांचा इतिहास वेगळा आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि खासगी व्यावसायिक शिक्षणाचे दार उघडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात फुकट जागा आणि पैसे भरायच्या जागा अशी विभागणी घालून दिली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली आणि २००५ च्या इनामदार निकालाने संस्थांचे फी ठरवण्याचे स्वातंत्र्य मान्य करताना नफेखोरीला मनाई केली. त्या चौकटीत महाराष्ट्राने २०१५ चा अधिनियम करून शुल्क नियामक प्राधिकरण नेमले. हे प्राधिकरण संस्थेने दाखवलेला खर्च तपासून फी मंजूर करते. खर्चाला वाजवी ठरवणे एवढेच त्याचे काम आहे. विद्यार्थ्याला ती फी झेपेल का, हे पाहणे त्याच्या कक्षेत येत नाही.

पण फी हा एकूण खर्चाचा एकच भाग आहे, आणि कला-वाणिज्य-विज्ञानाच्या बाबतीत तर लहान भाग आहे. पदवीधर मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांची असते, कमवू शकते. महिना १५ हजारांची नोकरी सोडून दोन वर्षे शिकायचे ठरवले तर ३ लाख ६० हजारांची कमाई बुडते. घरच्यांच्या हिशेबात ही रक्कम फीच्या वर लिहिलेली असते, मग ती कोणत्याही शासन निर्णयात नसो. त्यातून मुलगी असेल तर लग्नाचा विषय याच वर्षांत येतो आणि 'अजून दोन वर्षे' याचा अर्थ घरात वेगळा लागतो. तिसरा खर्च राहण्या-जेवण्याचा. पदवीपर्यंत तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन-येऊन भागते. विद्यापीठांचे पदव्युत्तर विभाग मात्र पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी एकवटलेले आहेत. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाही तर कॉट बेसिसवर खाट, खानावळीचा डबा आणि अभ्यासिकेची फी.

या खर्चासाठी सरकार काय देते? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पैसे थेट खात्यात, ही कल्पनाच मुळात उत्तम होती, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठीची सावित्रीबाई फुले आधार या योजनाही त्याच धर्तीच्या आहेत. स्वाधार आली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले: भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. महिन्यावर मांडले तर निवासाला १,६६७ रुपये आणि जेवणाला दिवसाला ८८ रुपये पडतात. पुण्यात या निवास भत्त्यात सहा जणांच्या खोलीतली एक खाटही मिळणे कठीण. आणि ही त्यातल्या त्यात उदार योजना. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना पाहा. साध्या एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला फीखेरीज मिळणारा शैक्षणिक भत्ता वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६ हजार आणि घरून येणाऱ्याला ३ हजार. म्हणजे वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला महिन्याला ५००. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झालेली, लाखो घरांतला पहिला पदवीधर घडवणारी ही योजना. तिचे महत्त्व कमी करण्याचा हेतू नाही. पण तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवर थांबलेली आहे, आणि अडीच लाख म्हणजे सगळ्या घराचे मिळून महिन्याला २१ हजारही नाहीत. घरात दोन माणसे मोलमजुरी करत असतील तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आर्थिक दुर्बल घटकांसाठी तीच मर्यादा आठ लाख आहे. एकाच राज्यात गरिबीची दोन मापे ठेवण्याचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही.

रकमा अपुऱ्या आहेत हे झाले. आता मुख्य मुद्दा. या अपुऱ्या रकमाही वेळेवर का येत नाहीत, हे समजायचे तर राज्याच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरून अर्जाचा प्रवास कसा होतो ते बघावे लागते. प्रवेश, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर केंद्रीभूत प्रक्रियेतून, पक्का झाल्याशिवाय अर्ज भरता येत नाही. अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, अधिवास लागतो, जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे शपथपत्र लागते. अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या खात्यावर जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. कुठेही त्रुटी निघाली की परत विद्यार्थ्याकडे. सगळे पार पडले की निधी असेल तेव्हा हप्ता मंजूर होतो, आणि तो आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतो. जोडणी दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याशी असेल तर पैसे तिकडे, नाही तर अडकून. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळा येतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने एकाच फीचे दोन सरकारांकडून दोन वेळा होणारे हे वाटप आहे, आणि दोन्हींच्या तारखा त्याच्या हातात नाहीत. यातली एकेक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर तिला कारण आहे. सगळ्या मिळून मात्र पहिले सत्र संपते, परीक्षा होते, आणि खाते रिकामेच राहते.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचे उदाहरण घ्या. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी ती देते. मुलींसाठी जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांत ही सवलत शंभर टक्क्यांवर नेली. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे स्वागत करायलाच हवे. त्याला मर्यादाही आहेत: व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत, आणि रोख व्यावसायिक अभ्यासक्रमांवर आहे. पण खरी अडचण अंमलबजावणीची. सवलतीची रक्कम सोडून उरलेलीच फी घ्या, असे सरकार महाविद्यालयांना परिपत्रकांवर परिपत्रके काढून बजावते. महाविद्यालये काय करतात? सरकारकडून मागच्या वर्षांचे येणे थकलेले असले की ती पूर्ण फी मागतात, किंवा हमीपत्र लिहून घेतात, किंवा गुणपत्रिका आणि दाखले अडवतात. संस्थाचालक सगळेच लोभी आहेत असे मानायचे कारण नाही. विनाअनुदानित संस्थेत शिक्षकांचा पगार याच फीतून द्यायचा असतो. पैसे सरकारकडून उशिरा येतात, संस्था तो भार विद्यार्थ्यावर ढकलते, आणि विद्यार्थ्याने तो कुणावर ढकलायचा याचे उत्तर कुठल्याच नियमात नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेत हेच घडले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाचा खर्च आगाऊ भरण्यातून असलेली सूट संस्थेने निधीअभावी काढून घेतली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी या चारही आवारांत विद्यार्थी संपावर गेले. तिथले वाद फार करून शिष्यवृत्ती असावी की नसावी यावर नव्हते. ती येईपर्यंत कोणी थांबायचे, यावर होते.

थांबण्याची किंमत मोजता येते. समजा एमबीएची फी वर्षाला १ लाख २० हजार आहे आणि निम्मी सरकार देणार आहे. संस्थेने पूर्ण फी मागितली तर ६० हजार बाहेरून उभे करावे लागतील. गावात शेकडा तीन रुपये महिना दराने ते मिळाले, आणि सरकारचे पैसे दहा महिन्यांनी आले, तर व्याज १८ हजार. ६० हजारांच्या मदतीतले १८ हजार सावकाराला गेले, म्हणजे त्या घराला मदत ४२ हजारांचीच झाली. सरकारी हिशेबात ती ६० हजारच दिसते. ही व्याजाची रक्कम कोणत्याही अहवालात येत नाही, म्हणून ती नाहीच असे समजून धोरण आखले जाते. आणि ज्यांना उसने पैसेही वेळेत मिळत नाहीत त्यांचे काय होते, ते सर्वोच्च न्यायालयात ३० सप्टेंबर २०२४ रोजी दिसले. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये भरायची मुदत काही मिनिटांनी हुकली आणि जागा गेली. न्यायालयाने अनुच्छेद १४२ चा अधिकार वापरून ती परत मिळवून दिली. प्रकरण पदवी प्रवेशाचे होते, पण यंत्रणा तीच. दिल्लीपर्यंत पोचणारा एखादाच. बाकीच्यांच्या जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जातात.

यावर पहिला आक्षेप असा की पैसे आधी दिले तर गैरव्यवहार होतील. हा आक्षेप हवेतला नाही. महाराष्ट्रात २०१० नंतरच्या वर्षांत शिष्यवृत्तीच्या नावाने काय चालले होते ते तपासायला विशेष पथक नेमावे लागले होते. बोगस विद्यार्थी दाखवून, एकाच विद्यार्थ्याला दोन ठिकाणी दाखवून संस्थांनी रकमा उचलल्याचे आरोप होते, आणि २०१७ पासून महाडीबीटीची व्यवस्था आली ती काही अंशी या अनुभवातूनच. पण यात दोषी कोण होते? संस्था. आणि नव्या व्यवस्थेत वाट कोण पाहतो? विद्यार्थी. शिवाय आता आधार आहे, केंद्रीभूत प्रवेशाची यादी आहे, प्रत्येक विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज विद्यापीठाच्या संगणकावर आहे. बनावट विद्यार्थी पकडायला आता दहा महिने लागायचे कारण नाही. प्रवेश पक्का झाला की पहिला हप्ता, हजेरी आणि सत्र परीक्षा पाहून दुसरा, अशी रचना केली तर चोरी फार तर एका हप्त्याची होईल. याच आक्षेपाची दुसरी बाजू संस्था मांडतात: फीचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात आले की तो ते संस्थेला देत नाही, नियमाने सात दिवसांत द्यायचे असूनही. असे होते हे खरे आहे. पण वर्षभर ज्या घराने उसनवारी केली, त्या घरात पैसे आल्यावर आधी उसने फेडले जातील हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. तोच पैसा ऑगस्टमध्ये आला असता तर सरळ फीच्या खिडकीवर गेला असता.

दुसरा आक्षेप बँकांच्या बाजूचा: शैक्षणिक कर्ज असताना शिष्यवृत्तीची वाट कशाला पाहायची? कर्जाची व्यवस्था खरोखरच सुधारली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. बँकांच्या संघटनेने २००१ मध्ये आदर्श योजना केली. चार लाखांपर्यंत तारणही नाही आणि स्वतःचा वाटाही भरायचा नाही. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते, दरवर्षी एक लाख नव्या विद्यार्थ्यांना. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही व्याजसवलत नाही, आणि क्रमवारीत न बसणारी जिल्ह्याच्या ठिकाणची असंख्य महाविद्यालये त्या यादीत नाहीत. जिथे गरीब विद्यार्थी जास्त, तिथे ही योजना कमी पोचते.

कर्जाचा मूळ दोष मात्र वेगळा आहे. ते सगळ्या विषयांना एकाच नजरेने पाहते. साडेसात लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतले आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरू. दोन वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष नोकरी शोधण्याची, एवढ्या सवलतीच्या काळात सरळ व्याज २ लाख ३६ हजार होते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,३०० रुपये येतो. नामांकित संस्थेतून एमबीए झालेल्याला तो जड नाही. एम.ए., एम.एस्सी. करून सेट-नेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला वर्षातले काही महिनेच मानधन मिळते, आणि तेही उशिरा. त्याने हा हप्ता कुठून भरायचा? म्हणून बँकेचा अधिकारी एम.ए. समाजशास्त्राचा अर्ज बाजूला ठेवतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर तो चुकतो असेही म्हणता येत नाही. अशा विषयांना विद्यावेतन हाच मार्ग आहे, आणि तो आपण आधीच वापरतो. 'गेट' देऊन एम.टेक.ला आलेल्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती महिना १५ हजार, वर्षातले दहा महिने देते. पण जागा देशभरात मिळून १० हजार. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून ३७ हजार आहे, ती पीएच.डी.च्या टप्प्यावर. त्याआधीची दोन वर्षे, जिथे खरी गळती होते, तिथे सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या हाती जवळजवळ काही नाही. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीही संशोधकांसाठी आहेत, आणि त्यांच्यासाठीसुद्धा विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले आहे.

परदेशी शिक्षणाच्या बाबतीत वेळेचा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण तिथे पैसे आधी दाखवल्याशिवाय व्हिसाच नाही. मराठी विद्यार्थ्यांचा ओढा असलेल्या जर्मनीत बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत फी नाही, म्हणून तो देश स्वस्त म्हटला जातो. पण व्हिसासाठी वर्षभराचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावे लागतात. घर गहाण टाकले जाते ते फीसाठी नव्हे, या खात्यासाठी. सरकारी मार्ग प्रमुख दोन: राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तिच्या ७५ जागा, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, तिच्या १२५. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड होऊनही पहिल्या टप्प्यात ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली आणि बाकीच्यांना निधीच्या उपलब्धतेची अट सांगण्यात आली, तीही सप्टेंबरची सत्रे तोंडावर असताना. खासगी मदतीत जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी आजही उल्लेखनीय आहे. तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, आणि के. आर. नारायणन, जयंत नारळीकर यांच्यासारखे लोक त्या आधाराने गेले. निवड झाली की पैसे हातात, परतफेड कमावायला लागल्यावर, हे त्याचे साधे सूत्र आहे.

शिष्यवृत्तीची मुदत चुकली तर काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबियात शिकले. पुढे ते लंडनला गेले, पण मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज घेतले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली. त्यांच्यासारख्या माणसाची तीन वर्षे निधीच्या खंडाने गेली. त्यांची जिद्द नसलेला, पण गुणवत्ता असलेला विद्यार्थी त्या खंडात कायमचाच बाहेर पडतो.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. पदव्युत्तर पदवीचा लाभ व्यक्तीला होतो, मग करदात्याने तो का सोसावा? प्राथमिक शाळांना शिक्षक नसताना एम.ए.वर खर्च का? न्या. पुन्नय्या समितीने १९९३ मध्येच विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा काही भाग स्वतः उभारावा, आधी १५ आणि दहा वर्षांत २५ टक्के, असे सुचवले होते. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ज्या पदवीने उत्पन्न हमखास वाढते तिथे विद्यार्थ्याने जास्त वाटा उचलावा, हे मला मान्य आहे. पण प्राथमिक शाळेचा आणि पदव्युत्तर वर्गाचा असा झगडा लावता येत नाही. अकरावी-बारावीला विज्ञान शिकवणारी शिक्षिका, महाविद्यालयातला प्राध्यापक, जिल्हा प्रयोगशाळेतली सूक्ष्मजीवतज्ज्ञ, हे सगळे याच वर्गांतून येतात. तिथे फक्त निभावू शकणाऱ्या घरांतली मुले पोचली तर पुढच्या पिढीला शिकवणारेही तेवढ्याच घरांतले असतील. आणि मुख्य म्हणजे मी इथे नव्या खर्चाची मागणी आधी करत नाही. राज्याने जे द्यायचे कबूल केले आहे ते मार्चअखेरीस न देता ऑगस्टमध्ये द्यावे, ही पहिली मागणी आहे. तिजोरीवर ताण येतो म्हणून हप्ता पुढे ढकलला जातो तेव्हा सरकार बचत करत नसते. ते सर्वांत गरीब नागरिकांकडून बिनव्याजी कर्ज घेत असते, आणि ते नागरिक ते पैसे सावकारी व्याजाने उभे करत असतात. हे कुठवर ताणले जाऊ शकते ते शेजारी दिसते: तेलंगणात शुल्क प्रतिपूर्तीची थकबाकी वाढत गेली आणि २०२५ मध्ये खासगी महाविद्यालयांनी बंद पुकारला.

वेगळे काही करता येते का? येते, आणि त्याचे नमुने आहेत. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत बिनव्याजी शैक्षणिक कर्ज मिळते. पश्चिम बंगालने २०२१ मध्ये विद्यार्थी क्रेडिट कार्ड आणले. दहा लाखांपर्यंत कर्ज, सरकारची हमी, चार टक्के व्याज. आपल्याकडे इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, पण नावाप्रमाणे तीही आधी भरा, मग मागा अशीच. महाराष्ट्राने मंजूर शिष्यवृत्तीच्या पत्रावर सहकारी किंवा राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रवेशाच्या दिवशी अग्रीम मिळण्याची सोय केली आणि त्याचे व्याज उशीर करणाऱ्या विभागाच्या खर्चात टाकले, तर उशिराची किंमत प्रथमच सरकारच्या हिशेबवहीत उमटेल. मग हप्ते वेळेवर निघू लागतील. निर्वाह भत्ता वर्षाच्या हप्त्यात न देता पगारासारखा महिन्याला द्यावा आणि महागाईशी जोडावा. उत्पन्नाची दोन मापे एक करावीत.

यांपैकी काहीही होण्याची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम समाजाच्या हातात आहे. या मुलखाला ते नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवले, पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली आणि खेड्यातल्या मुलांना शहरात राहण्याची सोय झाली. आज पुष्कळ महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी संघ आहेत, सुवर्णमहोत्सव आहेत, स्मरणिका आहेत. वीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी ३० हजार रुपये प्रवेशाच्या वेळी बिनव्याजी द्यायचे आणि शिष्यवृत्ती आली की परत घ्यायचे, तर सहा लाखांचा निधी पुरतो. एखाद्याकडून परत आला नाही तरी बाकीचा पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतो. ज्यांची पदव्युत्तर पदवी झाली आहे आणि ज्यांचे महाविद्यालय अजून उभे आहे, त्यांनी येत्या जूनच्या आत आपल्या संघाच्या सभेत हा एक ठराव मांडावा. आणि ज्यांच्या घरात यंदा पदवी पूर्ण होत आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जात वैधता आणि खात्याची आधार जोडणी ही तीन कामे निकालाची वाट न पाहता आताच करून घ्यावीत.